हात लावलेलं प्यादं

"कुणीतरी माझी टपालपेटी आडवी केली," गेरिट म्हणाला आणि त्याने अर्धा चीज रोल एका घासात तोंडात कोंबला.

हॉलच्या स्वयंपाकघरात जेवणाच्या सुट्टीची दाटी झाली होती. नोएलीन बेअर्ड ओव्हनमधून रोलचा नवा ट्रे काढत होती. वितळलेल्या लोण्याचा वास ओल्या लोकरीच्या कोटांच्या वासात मिसळला होता. गोर गावावर सकाळपासून बारीक गारा पडत होत्या आणि पत्र्यावर त्यांचा आवाज थांबत नव्हता. राणीच्या वाढदिवसाच्या, ऐन हिवाळ्यातल्या लांब सुट्टीत हवा अशीच असायची आणि बुद्धिबळाची स्पर्धाही तेव्हाच व्हायची.

"आडवी म्हणजे?" नोएलीनने विचारलं.

"म्हणजे खांबासकट उपटली. बुधवारी. मी स्वतः केलेली पेटी, टोटाराच्या लाकडाची. आता तसे सांधे माझ्या हातून व्हायचे नाहीत."

"पोरं असतील. बिअर ढोसून हिंडतात मेली."

"पोरं नव्हेत. पोरं वेगात येतात, पेटीचा भुगा होतो. हा सावकाश आला होता. अगदी सावकाश. तिथं पेटी आहे हे त्याला दिसलंच नाही."

ॲलिस्टर पेट्री भिंतीला टेकून उभा होता. चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. बुधवारी दुपारी घराकडे जाताना वेंडनच्या रस्त्यावर गाडीला धाडकन काहीतरी लागलं, तेव्हा तो खाली उतरला होता, बोनेट चाचपलं होतं, गवतात दोन पावलं गेला होता. तिथे हाताला काही लागलं नाही. आदल्या रात्री वारा होता, तेव्हा फांदी असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"खांबाला रंग लागलाय," गेरिट पुढे म्हणाला. "हिरवा. बाटलीसारखा."

"हिरव्या गाड्यांना काय तोटा आहे इकडं," नोएलीन म्हणाली.

"तोटा नाही. आणि पेटीचं काय गं, दुसरी ठोकीन. पण सकाळी तिथंच शेजारच्या डॉकर्टींची पोरं स्कूलबसची वाट बघत उभी असतात."

हे तो आपल्या कपाकडे बघून बोलला. ॲलिस्टरकडे त्याने मान वळवली नाही. निदान ॲलिस्टरला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

नोएलीनने हातातली पळी ट्रेवर वाजवली. "चला, शेवटची फेरी! कप धुवून ठेवा आपापले. मी काही तुमची बायको नाही."

ॲलिस्टरच्या गाडीचा रंग बाटलीसारखाच हिरवा होता, आणि ते हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ॲलिस्टरने आयुष्यभर कौंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला होता. खडीच्या रस्त्यावर पडलेले खळगे आणि लाटा पात्याने खरवडून पुन्हा सपाट करायच्या, हे त्याचं काम. पाऊस झाला की रस्ता बिघडायचा, आणि तिकडे पाऊस कायमचाच, त्यामुळे कामाला मरण नव्हतं. वेंडनचा रस्ता त्याने इतक्या वेळा खरवडला होता की त्याचं प्रत्येक वळण, प्रत्येक मोरी त्याच्या बुडाला ठाऊक होती. त्या जोरावरच तो गेली दोन वर्षं गाडी हाकत होता. कारण डोळे गेले होते.

अगदी काळोख नव्हता. नुसता काळोख असता तर कधीच बोभाटा झाला असता. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक भुरकट डाग बसला होता, आणि ज्या गोष्टीकडे बघावं नेमकी तीच त्या डागात जायची. कडेचं मात्र दिसे. माणसाचे कान दिसत, टोपी दिसे, चेहरा असायचा तिथे धुकं. म्हणून तो हल्ली माणसांच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलायचा. म्हाताऱ्याला शिष्टपणा आलाय, असं लोक म्हणू लागले होते. त्याने ते म्हणू दिलं.

इन्व्हरकार्गिलच्या डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं होतं, हे बरं होणारं नाही आणि गाडी आजपासून बंद. "कुणी न्यायला आलंय का तुम्हाला?" असंही त्यांनी विचारलं होतं. "बायको बाहेर बसलीय," ॲलिस्टरने उत्तर दिलं होतं. इझोबेलला जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते. मग तो बाहेर आला, गाडीत बसला आणि घरी गेला.

त्याने कुणाला सांगितलं नाही, त्यालाही कारण होतं. त्याची मुलगी कॅट्रिओना समुद्रापलीकडे ब्रिस्बेनला होती आणि दर रविवारी फोनवर एकच पालुपद लावायची. "बाबा, ते घर विका आता. इकडं या. इकडं ऊन तरी आहे." एका रविवारी तिचं तोंड बंद करायला तो बोलून गेला, "ज्या दिवशी माझ्या हातून गाडी सुटेल ना, त्या दिवशी येतो. शब्द देतो. तोवर हा विषय काढायचा नाही." तिनेही मग विषय काढला नाही. बाप शब्दाला पक्का आहे हे तिला माहीत होतं. वेंडनला बस नव्हती, दुकान नव्हतं. गाडी सुटली म्हणजे घर सुटलं. घर सुटलं म्हणजे मागची मेंढ्यांची कुरणं, इझोबेलची कबर आणि मंगळवारचा क्लब, सगळंच सुटलं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि गंमत अशी, की बुद्धिबळ त्याला कधी नव्हतं इतकं चांगलं जमू लागलं होतं. पट दिसत नाही म्हटल्यावर तो सगळा डोक्यात ठेवावा लागे. समोरच्याचा हात कुठून कुठे गेला, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपायचं आणि डोक्यातल्या पटावर ते मोहरं सरकवायचं. तो भिंतीकडे बघत खेळायचा. लोकांना वाटे, हा आपल्याला किंमत देत नाही. आज सकाळीच ब्राइस मन्रोला त्याने भिंतीकडे बघत बघत हरवलं होतं आणि ब्राइस चिडून हात न मिळवता उठला होता.

आता शेवटची फेरी राहिली होती. गेरिट आणि ॲलिस्टर, दोघांनीही एकही डाव गमावलेला नव्हता. जो जिंकेल त्याचं नाव भिंतीवरच्या मानाच्या ढालीवर चढणार होतं. त्या ढालीवर गेरिट हूकस्ट्राचं नाव इतक्या वेळा होतं की खोदणाऱ्याला ते पाठ झालं असेल. ॲलिस्टर पेट्रीचं नाव एकदाच होतं आणि ते कसं चढलं ते कुणी विसरलं नव्हतं.

"बस, डच्या," ॲलिस्टर खुर्ची चाचपत म्हणाला. "पेटीचं दुःख आवर आता."

"पेटीचं दुःख मला नाही," गेरिट म्हणाला. "पांढरी तुझी. घड्याळ सुरू करतो."

गेरिट काळी मोहरी घेऊन वर्षानुवर्षं एकच बचाव खेळायचा. तरुणपणी हॉलंडहून बोटीने आला तेव्हा सुतारकीची हत्यारं आणि हा बचाव, एवढंच बरोबर घेऊन आला, असं तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे सुरुवातीच्या चाली ॲलिस्टरला बघाव्या लागल्याच नाहीत. लाकडाचा टक् आवाज, मग घड्याळाची खटकी, मग आपली चाल. आजूबाजूच्या टेबलांवरही तेच आवाज चालले होते. कुणी खोकलं तर तेवढंच.

डाव मध्यावर आला तशी मोहरी कमी झाली. ॲलिस्टरला बरं वाटलं. जितकी कमी, तितका डोक्यातला पट स्वच्छ. वजीर गेले, हत्ती गेले. गेरिटने एक घाईची चाल केली आणि ॲलिस्टरने ती पकडली, मग सावकाश, खळगा भरावा तसं, त्याच्यावर दडपण वाढवत नेलं. शेवटी ॲलिस्टरकडे एक उंट जास्तीचा राहिला. गेरिटकडे त्याच्या बदल्यात पटाच्या डाव्या कडेने पुढे गेलेलं एक प्यादं होतं, बास.

मंडळींचे डाव संपत आले होते. एकेक जण उठून त्यांच्या टेबलाभोवती जमू लागला. ॲलिस्टरला त्यांचे कोट दिसत होते, बुटांची करकर ऐकू येत होती. 'म्हातारा जिंकतोय' असं कुणीतरी कुजबुजलं आणि नोएलीनने त्याला हटकलं.

ज्या वर्षी ॲलिस्टरचं नाव ढालीवर चढलं, त्या वर्षी त्याच आठवड्यात गेरिटची बायको त्रूस गेली होती. दफनाला दोन दिवसही झाले नसतील आणि गेरिट स्पर्धेला हजर झाला, दाढी न करता. सगळ्यांनी त्याच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. दोघांनी तर पटावर मुद्दाम बरोबरी देऊ केली. शेवटच्या फेरीत ॲलिस्टरसमोर बसला तेव्हा गेरिटला हाताचं भान नव्हतं. तो एका हत्तीकडे बघत होता आणि उचलला त्याने दुसराच. उचलला, दचकला आणि परत ठेवून दिला. खेळाचा नियम असा, की ज्या मोहऱ्याला हात लागला तेच चालवायचं. साऱ्या हॉलने ते पाहिलं आणि साऱ्या हॉलने दुसरीकडे बघितलं. ॲलिस्टर म्हणाला, "हात लागला, गेरिट." गेरिटने तो हत्ती चालवला आणि डाव हरला. लोकांनी ॲलिस्टरला वर्षभर बोल लावला. रडत्या माणसाच्या ताटातला घास ओढलास म्हणाले. इझोबेलदेखील आठवडाभर धड बोलली नव्हती. गेरिट मात्र पुढच्या मंगळवारी क्लबात आला आणि नेहमीसारखा त्याच्यासमोर बसला. त्या गोष्टीवर दोघांत कधी अवाक्षर निघालं नाही.

टक्. गेरिटने कडेचं प्यादं आणखी एक घर सरकवलं. खटकी.

ॲलिस्टरने डोक्यात ते बघितलं. ए दोनवर प्यादं. पुढच्या चालीला ए एकवर पोचेल आणि वजीर होईल. पण पोचू द्यायचं कशाला? माझा उंट ई तीनवर आहे. तो डी चारवर आला की सबंध तिरकी रेघ त्याच्या ताब्यात, ए एकवर पाय ठेवला की प्यादं मेलं. मग गेरिटकडे काही उरत नाही. मग माझी पलीकडची प्यादी चालत सुटतील आणि त्यांना थांबवायला कुणी नाही.

तो जिंकला होता. चाल अजून केली नव्हती, तरी जिंकला होता. त्याला एकदम फार सुख वाटलं. ढालीवर नाव आलं की कॅट्रिओनाला सांगता येईल. ढाल जिंकणाऱ्या माणसाला कुणी म्हातारा झालास म्हणत नाही. पेटीला रंग कुठल्या गाडीचा लागला, हेही मग कुणी फार खोदून विचारणार नाही. सावकाश आणखी एखादा हिवाळा काढता येईल. रस्ता तर पाठ आहे. सकाळच्या वेळी बाहेर पडायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं.

बाहेर ढग दाटले आणि हॉलमध्ये अंधारलं. नोएलीनने जाऊन नळीचे दिवे लावले. पटावर आधी होत्या त्या सावल्यांत आणखी सावल्या आल्या. उंटाच्या नाकासमोरच, ई चारवर, ॲलिस्टरचंच प्यादं उभं होतं. त्याने मान कलती करून डोळ्याच्या कोपऱ्यातून अंदाज घेतला, दोन धुकट खुंट एकात मिसळले, आणि त्याने हात पुढे केला.

बोटं मिटली त्या क्षणी त्याला कळलं. उंटाच्या डोक्याला तिरपी खाच असते. ही खाच नव्हती. हे गोल, गुळगुळीत, लहान डोकं होतं. मोहरं पटावरून उचललंही गेलं होतं.

त्याच्या जिभेवर शब्द आले होते, 'नीट बसवतो'. घरात वाकडं बसलेलं मोहरं सरळ करायचं असेल तर तसं म्हणून हात लावता येतो. पण म्हणायचं असतं ते आधी. आणि पुष्कळ लोक नंतर म्हणतात आणि चालवून घेतात, हेही त्याला ठाऊक होतं. समोर गेरिटचे मोठाले कान दिसत होते. त्यांच्या मधे धुकं. त्या धुक्यात दया आहे की काय आहे, काही कळायला मार्ग नव्हता. भोवती सगळे गप्प. त्या गप्पपणाची चव ॲलिस्टरने ओळखली. सगळे दुसरीकडे बघत होते.

"हात लागला, ॲली," गेरिट म्हणाला.

कुणीतरी "अरे!" केलं. ब्राइस मन्रोचा आवाज आला, "जाऊ दे ना गेरिट, म्हातारा माणूस, हात थरथरला असेल."

"थरथरला नाही. उचललं त्यानं. मी बघत होतो."

ॲलिस्टरने प्यादं एक घर पुढे ठेवलं आणि घड्याळाची खटकी दाबली. दोन वर्षांची मेहनत त्या एका घरात गेली. पण त्याला राग आला नाही. निदान हा माणूस माझ्याशी खेळतोय, असं त्याला वाटलं.

गेरिटने प्यादं पुढे ढकलून वजीर करायचं, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो थांबला. घड्याळ टिकटिकत राहिलं. मग टक् असा आवाज आला आणि त्यापाठोपाठ गेरिट स्पष्ट, मोठ्याने बोलला.

"ए एक. वजीर. शह."

सबंध हॉलमध्ये ते ऐकू गेलं. दूरच्या टेबलावरची माणसं वळली. नोएलीन तरातरा आली.

"गेरिट, डाव चालू असताना बोलायचं नाही. आता तुलासुद्धा सांगावं लागतंय का?"

"समोरच्याला दिसत नसेल तर चाल तोंडानं सांगायची असते," गेरिट म्हणाला. "नियम आहे. जा, पुस्तक काढून बघ."

ब्राइस हसला. "दिसत नाही? मग सकाळी मला काय भुतानं हरवलं?"

दुसरं कुणी हसलं नाही.

"ॲलिस्टर," नोएलीनचा आवाज खाली आला. "हा काय बोलतोय? खरं आहे का हे?"

तेव्हा मात्र ॲलिस्टरला राग आला. डच्या, इतकी वर्षं मनात ठेवून आज दावा साधलास. एकट्यात सांगता आलं असतं. दारात येऊन सांगता आलं असतं. सगळ्या गावासमोर माझी मूठ उघडलीस. आणि लगेच त्याला हेही कळलं, की एकट्यात सांगितलं असतं तर त्याने गेरिटला उडवून लावलं असतं. 'रंग? कसला रंग? तुझेच डोळे तपासून घे.' असंच म्हणाला असता. मग सोमवारी सकाळी पुन्हा गाडी काढली असती.

नाही म्हणायला अजून वेळ होता. 'गेरिटला वेड लागलंय' एवढं म्हटलं की पुरे. ब्राइस साक्षीला उभा होता. ॲलिस्टर पेट्री खोटं बोलतो असं जिल्ह्यात कुणी म्हटलं नसतं.

त्या हिरव्या बोनेटवरून बुधवारी त्याने हात फिरवला होता. बोनेटला पोचा पडला होता आणि त्या पोच्याची उंची त्याच्या कमरेला लागत होती. शाळेतल्या पोराच्या डोक्याइतकी. तेव्हा हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. की आलं होतं आणि त्याने ते बाहेर हाकललं होतं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

त्याने हात पुढे केला. या वेळी तो घाईने झेपावला नाही. पटाच्या कडेला बोटं टेकवली, घरं मोजत गेला, मोहऱ्यांच्या डोक्यांवरून बोट फिरवत राजाचा क्रूस शोधला, सगळ्यांच्या देखत. राजा उचलला आणि एक घर वर ठेवला.

"राजा जी दोन," तो मोठ्याने म्हणाला.

आंधळ्या खेळाडूनेही आपली चाल बोलून दाखवायची असते. नियमाचा तोही भाग होता, आणि हॉलमधल्या सगळ्यांना तो ठाऊक होता. नोएलीनने तोंडावर हात ठेवला. मग ती मागे सरली.

पुढचा डाव त्या दोघांनी बोलत बोलत खेळला. "वजीर ई एक." "उंट डी चार." "वजीर ई चार, शह." एकमेकांना पत्ता सांगावा तसे ते बोलत होते. वजिरापुढे एकटा उंट किती वेळ टिकणार? गेरिटने कुठेही हात आखडता घेतला नाही. मिळेल ते खाल्लं. शेवटी ॲलिस्टरने राजाचा क्रूस पुन्हा एकदा चाचपून शोधला, मोहरं आडवं केलं आणि ते घरंगळू नये म्हणून त्यावर क्षणभर तळहात ठेवला.

"तुझा डाव, गेरिट."

"हो," गेरिट म्हणाला आणि हात पुढे केला. तो हात ॲलिस्टरला दिसला नाही. गेरिटने तो त्याच्या हाताला भिडवला.

त्यानंतर जे सुरू झालं ते डाव हरण्यापेक्षा वाईट होतं. नोएलीनने त्याच्यासाठी चहा आणला आणि कप त्याच्या हातात ठेवून त्याची बोटं स्वतः मिटवली. "गरम आहे हं," ती म्हणाली. जन्मात ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. ब्राइसने त्याचा कोट आणून पाठीवर घातला आणि सकाळी हात न मिळवल्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली. "जपून, पायरी आहे" असं वेगवेगळ्या तीन आवाजांनी सांगितलं. चाळीस वर्षं तो त्या पायरीवरून चढत-उतरत होता.

"गाडीचं काय करायचं त्यांच्या?" कुणीतरी गेरिटला विचारलं. ॲलिस्टरला विचारलं नाही.

"त्याच्या गाडीचं त्याला विचारा," गेरिट खेकसला. "कान शाबूत आहेत त्याचे."

हिरवी गाडी हॉलच्या अंगणात, गारांनी पांढऱ्या झालेल्या गवतावर तशीच उभी राहिली. ॲलिस्टर तिच्या बाजूने गेला तेव्हा त्याने तिला हात लावला नाही. तो गेरिटच्या गाडीत बसला. पट्टा शोधायला त्याला वेळ लागला आणि गेरिटने मदत केली नाही, इंजिन सुरू करून वाट बघत बसला.

गोरच्या बाहेर डांबर संपून खडी लागली तेव्हा ॲलिस्टर म्हणाला, "इथं लाटा पडल्यात परत. नवा पोरगा पातं नीट लावत नाही."

"नाहीच लावत."

"उंट उचलला असता तर काय केलं असतंस?"

"काय करणार? हरलो असतो. जिंकला होतास तू."

"बघितलं होतंस?"

"प्यादं पुढं ढकलतानाच बघितलं होतं. म्हटलं, ॲलीनं आज मारलं मला."

ॲलिस्टरने मान हलवली. खिडकीच्या कडेने कुंपणाचे खांब पळताना त्याला दिसत होते. समोरचा रस्ता दिसत नव्हता.

"तुला कधीपासून ठाऊक होतं, डच्या?"

"डोळ्यांचं? मागच्या हिवाळ्यापासून. तू माझ्या कानाशी बोलायला लागलास तेव्हापासून. म्हटलं, माझं काय जातंय. म्हणेल स्वतः." गेरिटने समोरच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. "पेटी पडली तेव्हा मात्र गप्प बसता येईना."

"मग पेटी माझ्या गाडीनं पाडली, हे सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?"

"पेटी माझी आहे. तिचं मी बघीन." मग गियर बदलून तो म्हणाला, "त्रूस गेली त्या आठवड्यात सगळे माझ्या दारात सूपची भांडी घेऊन उभे. सगळे कुजबुजत बोलायचे. मी मेलो की ती मेली तेच कळेना. तू एकट्यानं मला तो हत्ती चालवायला लावलास."

ॲलिस्टरने तोंड खिडकीकडे केलं.

"कॅट्रिओनाला फोन करशील?" गेरिटने विचारलं.

"करावाच लागेल. शब्द दिलाय. गाडी सुटली की येतो म्हणून."

"शब्द काय, माणूस देतो पुष्कळ."

"हात लागलाय, गेरिट."

गेरिटने गाडीचा वेग थोडा कमी केला. मग तो चिडून म्हणाला, "मग मंगळवारी मी कुणाशी खेळायचं? त्या ब्राइसशी?"

उताराचं वळण आलं. गेरिटच्या घराचं फाटक आता मोरीच्या पलीकडे, हे ॲलिस्टरला बुडाखालच्या खडीवरून समजलं.

"थांबव इथं."

"तुझं घर पुढं आहे."

"ठाऊक आहे मला माझं घर. थांबव."

तो खाली उतरला. गारा थांबल्या होत्या आणि थंडी वाढत होती. गवतातून हात पुढे करत तो चालला आणि दोन पावलांत हाताला खांब लागला. गेरिटने तो तात्पुरता तारेने बांधून उभा केला होता. वर पेटी होती. ॲलिस्टरने तिचा फुटलेला कोपरा चाचपला, निखळलेला सांधा चाचपला, खांबावरचा रंगाचा खरखरीत पोपडा नखाने उकरला. मग पोरांनी उभं राहून राहून टणक केलेली, गवत नसलेली जागा त्याच्या बुटाखाली आली आणि तो तिथून पटकन बाजूला झाला.

गेरिट गाडीतच बसून होता. इंजिन चालू होतं.

ॲलिस्टरने खिशातून किल्ली काढली. तिच्यासोबत कड्यात घराची किल्लीही होती. ती त्याने बोटांनी ओळखून, गारठलेल्या नखांनी धडपडत वेगळी केली आणि परत खिशात टाकली. मग पेटीचं झाकण उचललं, गाडीची किल्ली आत सोडली आणि झाकण हळूच लावून घेतलं. वाकडं झालेलं झाकण नीट बसेना. त्याने ते दोनदा दाबून पाहिलं, आणि मग बसेपर्यंत तळहाताने धरून तो तसाच उभा राहिला.